तळमजल्यानं लिफ्टचे पैसे का भरायचे? एका गटातल्या कंपन्यांच्या सामायिक खर्चाची वाटणी

१ एप्रिल २०२५ ला जीएसटीतली आयएसडी नावाची एक वेगळी नोंदणी काही कंपन्यांना सक्तीची झाली आणि तेव्हापासून एकच प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो. "आमच्या तीन कंपन्या आहेत, पण ऑफिस एकच. भाडं, अकाउंट्सची माणसं, सॉफ्टवेअर, सगळं एकत्र. आता ते आयएसडी काढावं लागेल का? आणि टॅलीत हे टाकायचं कसं?"

विचारणारे बहुतेक लहान-मध्यम उद्योजक असतात. कुणी भोसरी-चाकणचे, कुणी शिरोलीचे, कुणी सातपूर-अंबडचे. वडिलांनी एक कंपनी काढली, मुलगा आल्यावर दुसरी झाली, पुढे विक्रीसाठी तिसरी. घर एक, ऑफिस एक, अकाउंटंट एक. कंपन्या मात्र कायद्यानं तीन.

या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत: खर्च कुणाच्या माथी किती टाकायचा, आणि टाकलेला खर्च वहीत आणि कराच्या विवरणात कसा दाखवायचा. बहुतेक जण दुसऱ्यापासून सुरुवात करतात आणि टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बटण शोधत बसतात. बटण असतं, पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यात नसतं.

सोसायटीच्या बिलापासून सुरू करू

सहकारी गृहनिर्माण सोसायटीत राहणाऱ्याच्या दारात सामायिक खर्चाच्या वाटणीचा उत्तम नमुना दर महिन्याला येऊन पडतो. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांसाठी जे आदर्श उपविधी आहेत, ते या नजरेनं एकदा वाचून बघा. मालमत्ता कर ज्या फ्लॅटला जितका लागला तितका. पाणीपट्टी फ्लॅटमधल्या नळांची संख्या आणि आकार पाहून. दुरुस्ती निधी बांधकामखर्चाच्या ठरावीक टक्क्यानं. वॉचमनचा पगार, कार्यालयाची वीज, छपाई यांसारखे सेवाखर्च सगळ्या फ्लॅटना समान. आणि लिफ्टचा खर्च, त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांना समान, मग कुणी लिफ्ट वापरो वा न वापरो.

एकाच बिलात चार-पाच वेगळे निकष आहेत. निकष म्हणजे खर्च कशाच्या प्रमाणात वाटायचा ते माप: नळ, क्षेत्रफळ, डोकी, फ्लॅटची संख्या. प्रत्येक खर्चाला त्याच्या स्वभावाचं माप लावलंय. पाणी नळातून जातं म्हणून नळ मोजले. वॉचमन मोठ्या फ्लॅटची जास्त आणि छोट्याची कमी राखण करत नाही, म्हणून समान.

तळमजल्यावरचे काका दर वार्षिक सभेत उठून विचारतात, "मी लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही, मी का भरू?" त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचं उत्तर दर महिन्याला नव्यानं द्यावं लागत नाही, कारण नियम आधी लिहून ठेवलाय. न्याय्य वाटणीवर माणसांचं एकमत क्वचितच होतं. आधीपासून लिहिलेल्या, सगळ्यांना सारख्या लावलेल्या नियमावर होऊ शकतं. कंपन्यांच्या बाबतीत हा लेख शेवटपर्यंत याच एका मुद्द्यावर उभा आहे.

एकच घर, पण तीन उंबरे

दुसऱ्या कंपनीतली निम्म्याहून जास्त मतदानशक्ती जिच्या हाती असते, किंवा तिचं संचालक मंडळ ठरवणं जिच्या हाती असतं, ती मूळ कंपनी, आणि ती दुसरी तिची उपकंपनी. कंपनी कायदा २०१३ मधली व्याख्या साधारण अशी आहे. मालक एकच असला तरी प्रत्येक कंपनी स्वतंत्र व्यक्ती. तिचा पॅन वेगळा, बँक खातं वेगळं, ताळेबंद वेगळा, देणी वेगळी.

शाखेचं तसं नाही. पुण्याच्या कंपनीनं बेळगावात डेपो उघडला तर जीएसटी क्रमांक वेगळा मिळेल, पण पॅन तोच. वही एकच. हा फरक आत्ताच पक्का धरून ठेवा, कारण पुढे सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

वाटण्याआधी गाळून घ्या

सामायिक म्हणून जे समोर येतं त्यातलं बरंचसं सामायिक नसतंच.

काही खर्च सरळसरळ एकाच उपकंपनीचे असतात. घाईत मूळ कंपनीच्या खात्यातून पैसे गेलेले असतात, इतकंच. बिल उपकंपनीच्याच नावावर असेल तर तो वाटणीचा विषय नाही. ते पैसे फक्त येणं म्हणून लिहायचे आणि वसूल करायचे.

काही खर्च याच्या उलट, फक्त मूळ कंपनीचे असतात. तिच्या स्वतःच्या संचालक मंडळाच्या बैठका, तिची वार्षिक सभा, गटाचा एकत्रित ताळेबंद तयार करून घेण्याचं शुल्क. हे ती भागधारक म्हणून करते, उपकंपन्यांना त्यातून सेवा मिळत नाही. सोसायटीच्या अध्यक्षांनी स्वतःच्या स्वयंपाकघरात फरशी बसवली तर ती मेंटेनन्सच्या बिलात येत नाही, तसंच हे. आंतरराष्ट्रीय करव्यवहारातही अशा खर्चावर उपकंपन्यांकडून वसुली मान्य होत नाही.

एक साधी कसोटी आहे. ही उपकंपनी उद्या परक्याच्या मालकीची झाली, तर ती या कामासाठी बाहेर कुणाला तरी पैसे देईल का? पगारपत्रक करून घ्यायला देईल. जागेचं भाडं देईल. मूळ कंपनीच्या वार्षिक सभेच्या चहाचे देणार नाही.

तीन खर्च, तीन मापं

आता आकडे घेऊ. समजा एका गटात तीन उपकंपन्या आहेत. भोसरीला मशीन शॉप, चाकणला असेंब्ली आणि तिसरी सुटे भाग विकणारी ट्रेडिंग कंपनी. शिवाजीनगरला मूळ कंपनीचं ऑफिस, तिथे तिघींची माणसं बसतात. महिन्याचे सामायिक खर्च तीन: भाडं ३,००,००० रुपये, मनुष्यबळ आणि पगारपत्रक पाहणाऱ्या माणसांचा पगार १,६०,००० रुपये, सॉफ्टवेअरची वर्गणी १,००,००० रुपये. एकूण ५,६०,०००.

भाडं जागेचं असतं, म्हणून ते चौरस फुटांवर. मशीन शॉपकडे १५०० चौरस फूट, असेंब्लीकडे ९००, ट्रेडिंगकडे ६००. वाटणी १,५०,०००, ९०,००० आणि ६०,००० रुपये.

पगारपत्रकाचं काम डोक्यांवर वाढतं. मशीन शॉपमध्ये १२० माणसं, असेंब्लीत ६०, ट्रेडिंगमध्ये २०. म्हणून ९६,०००, ४८,००० आणि १६,०००.

सॉफ्टवेअरचे पैसे लॉगिनवर लागतात. एकूण २० लॉगिन, त्यातले मशीन शॉपचे ६, असेंब्लीचे ६, आणि दिवसभर बिलं काढणाऱ्या ट्रेडिंगचे ८. म्हणून ३०,०००, ३०,००० आणि ४०,०००.

बेरीज: मशीन शॉप २,७६,०००, असेंब्ली १,६८,०००, ट्रेडिंग १,१६,०००. तिन्ही मिळून पुन्हा ५,६०,०००. हा ताळा दर महिन्याला करायचाच. एखादा खर्च तिघांत समान वाटला की ३३.३३ टक्के तीनदा लिहिले जातात आणि ०.०१ टक्का कुठेच जात नाही. एक लाखावर ते दहा रुपये होतात. शेवटच्या कंपनीला टक्केवारी न लावता "उरलेली रक्कम" द्यायची असा नियम ठेवला की हा काटा निघतो.

"सोपं करू, उलाढालीवर वाटू"

हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा पर्याय. विक्रीचे आकडे तयार असतात, कुणाला चौरस फूट मोजायला लागत नाहीत. वरच्याच गटाची महिन्याची विक्री मशीन शॉप ४० लाख, असेंब्ली ४० लाख, ट्रेडिंग ८० लाख धरा. मग ५,६०,००० रुपये २५, २५ आणि ५० टक्क्यांत वाटले जातील: १,४०,०००, १,४०,००० आणि २,८०,०००.

ट्रेडिंग कंपनीकडे बघा. मघाशी तिच्या वाट्याला १,१६,००० आले होते, आता २,८०,०००. सामायिक खर्चाआधी ती महिन्याला २,००,००० रुपये मिळवते असं समजा. पहिल्या वाटणीत ती ८४,००० रुपये नफ्यात आहे. दुसऱ्या वाटणीत ८०,००० तोट्यात. दुकान तेच, माणसं तीच, गिऱ्हाईक तेच.

ट्रेडिंगचा धंदा मोठ्या विक्रीचा आणि बारीक मार्जिनचा असतो. मोठी विक्री म्हणजे ऑफिसवर मोठा भार, असं मुळीच नाही. तरी उलाढालीच्या मापानं तिला जास्त बिल येतं, आणि वर्षाच्या शेवटी घरात चर्चा होते की ही कंपनी चालवायची कशाला. बंद केली, तर भाडं बंद होत नाही. पगारपत्रकाची माणसंही जात नाहीत. तिच्या वाटचे पैसे उरलेल्या दोघींवर येऊन बसतात आणि मग त्यातली एक आजारी दिसायला लागते. चुकीच्या मापानं चांगला धंदा बुडीत दाखवून बंद केला जाणं, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत मोठं नुकसान वाटतं. कर आणि दंड त्यानंतर.

उलाढालीचं माप कुठेच चालत नाही असं नाही. ज्या खर्चाला दुसरं कोणतंच नैसर्गिक माप सापडत नाही, उदाहरणार्थ गटाच्या नावाची सर्वसाधारण जाहिरात, तिथे ते घ्या. पहिलं माप म्हणून नको.

टॅलीत नेमकं काय करायचं

टॅलीत कॉस्ट सेंटर नावाची सोय आहे. एखादा खर्च नावे टाकताना तो कोणत्या विभागासाठी झाला, हे त्या नोंदीवर चिकटवता येतं. कॉस्ट सेंटर क्लास वापरला तर टक्केवारी एकदा भरून ठेवायची, नोंद करताना रक्कम आपोआप फुटते. इतर पॅकेजमध्ये हेच वेगळ्या नावांनी मिळतं. झोहो बुक्समध्ये रिपोर्टिंग टॅग, एसएपीमध्ये असेसमेंट आणि डिस्ट्रिब्युशनची चक्रं. कल्पना एकच.

पण कॉस्ट सेंटर एका कंपनीच्या वहीच्या आतच काम करतं. मूळ कंपनीच्या डेटात "भोसरी ६० टक्के" असं लिहिल्यानं भोसरीच्या कंपनीच्या वहीत एक पैसाही पोहोचत नाही. रिपोर्ट सुंदर दिसतो, कंपनी कायद्याच्या नजरेत सगळा खर्च अजून मूळ कंपनीचाच. मी पाहिलेल्या दहातल्या सहा-सात ठिकाणी गाडी इथेच थांबलेली असते.

पूर्ण प्रवास असा. भाड्याचं बिल आलं की मूळ कंपनीच्या वहीत भाडं नावे (डेबिट), जागामालक जमा (क्रेडिट). ही नोंद करतानाच "भाडं-क्षेत्रफळ" या क्लासमधून ती तीन कॉस्ट सेंटरांत फुटते. पगार "डोकी" या क्लासमधून, सॉफ्टवेअर "लॉगिन" या क्लासमधून. महिनाअखेरीला कॉस्ट सेंटरचा रिपोर्ट काढला की मशीन शॉपच्या नावासमोर २,७६,००० तयार असतात. या आकड्याचं विक्री बिल मूळ कंपनीनं मशीन शॉपला फाडायचं, सोबत एक पान जोडपत्र: कोणता खर्च, एकूण किती, माप कोणतं, तुमचा हिस्सा किती. मूळ कंपनीत मशीन शॉप नावे, "सामायिक खर्च वसुली" जमा. मशीन शॉपच्या वहीत "सामायिक खर्च" नावे, मूळ कंपनी जमा.

वसुलीचं खातं वेगळं ठेवा. काही जण ती रक्कम थेट भाड्याच्या खात्यात जमा करून टाकतात. मग भाडं खात्यात शून्य उरतं आणि वर्षभरानं आपण खरंच किती भाडं भरलं हे शोधायला बँकेची पासबुकं काढावी लागतात.

दोन्ही वह्यांतली खाती एकमेकींचा आरसा असायला हवीत. इथे एक प्रसंग सांगतो. एका गटाचं मार्चअखेरचं काम माझ्यापुढे होतं. मूळ कंपनीच्या खतावणीत उपकंपनीकडून येणं ४,१२,५०० रुपये. उपकंपनीच्या खतावणीत देणं ३,९७,५००. फरक १५,००० रुपयांचा. अकाउंटंट ताई दोन दिवस हा फरक शोधत होत्या आणि कंटाळून सस्पेन्स खात्यात, म्हणजे न जुळणारी रक्कम तात्पुरती ठेवायच्या खात्यात, टाकायला निघाल्या होत्या. आम्ही दोन्ही खाती छापून टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि पेन्सिलीनं एकेक ओळ टिक करत खाली आलो. विम्याच्या वाटणीचं बिल मूळ कंपनीनं ३१ मार्चला लिहिलं होतं. उपकंपनीत ते कागद पोहोचल्यावर, २ एप्रिलला लिहिलं गेलं. एकच बिल दोन आर्थिक वर्षांत पडलं होतं. त्यानंतर त्यांनी नियम केला: वाटणीचं बिल दोन्हीकडे एकाच तारखेला, एकाच क्रमांकानं, एकाच माणसानं लिहायचं. दर महिन्याच्या पाच तारखेला दोन्ही खाती ताडून घ्यायची. पुढच्या मार्चला त्यांचा हा भाग अर्ध्या तासात झाला.

टक्केवारीला तारीख असते, हेही सॉफ्टवेअरमध्ये सहज विसरलं जातं. जुलैत चाकणला ३० माणसं नवी लागली तर क्लासमधली टक्केवारी जुलैपासून बदलायची, एप्रिल-जूनच्या नोंदींना हात लावायचा नाही. मी जुना क्लास तसाच ठेवून "डोकी-जुलैपासून" असा नवा क्लास काढायला सांगतो. नाव लांबतं, पण दोन वर्षांनी ऑडिटरला उत्तर देताना डोकं खाजवावं लागत नाही.

"आपल्याच खिशातले पैसे, त्यावर जीएसटी कशाला?"

कारण खिसा आपला असला तरी पँट दोन आहेत. पॅन वेगळा म्हणजे व्यक्ती वेगळी, आणि एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीला धंद्यात दिलेली सेवा म्हणजे जीएसटीच्या भाषेत पुरवठा. संबंधित व्यक्तींमधला असा पुरवठा पैसे न घेता केला तरी करपात्र ठरतो. म्हणून "आम्ही वसूलच करत नाही, मग कर कसला" हा बचाव चालत नाही.

अशा व्यवस्थापकीय साहाय्याच्या सेवांवर दर १८ टक्के. मशीन शॉपच्या २,७६,००० वर ४९,६८० रुपये कर, बिल ३,२५,६८० चं. यात पगाराचा हिस्साही आहे हे ऐकून लोक चमकतात. कर्मचाऱ्याला दिलेल्या पगारावर जीएसटी नाही हे खरंच आहे. पण त्या कर्मचाऱ्याकडून काम करून घेऊन ते दुसऱ्या कंपनीला पुरवलं, की ती कंपनीनं दिलेली सेवा झाली.

हे ४९,६८० रुपये बुडतात का? मशीन शॉपचा माल करपात्र असेल तर नाही. ती हा कर स्वतःच्या देय करातून वजा करून घेते. यालाच इनपुट क्रेडिट म्हणतात. मूळ कंपनीनंही भाड्यावर आणि सॉफ्टवेअरवर भरलेल्या कराचं क्रेडिट घेतलेलं असतं. पैसा फिरतो, काही दिवस अडकतो, पण गळत नाही. आणखी एक दिलासा असा की ज्या कंपनीला पूर्ण क्रेडिट मिळतं, तिला दिलेल्या बिलावरची किंमत हीच बाजारभाव मानली जाते.

गळतो तो वेगळ्या ठिकाणी. उपकंपनीची सेवा करमुक्त असेल, समजा ती रुग्णालय चालवते, तर तिला क्रेडिट मिळत नाही आणि १८ टक्के हा तिचा खरा खर्च होतो. अशा गटानं कोणती माणसं कोणत्या कंपनीच्या नोकरीत ठेवायची, हे वर्ष सुरू होण्याआधी बसून ठरवायला हवं.

मग आयएसडीचं काय?

लेखाच्या सुरुवातीचा प्रश्न. आयएसडी म्हणजे इनपुट सर्व्हिस डिस्ट्रिब्युटर, जीएसटीतली एक वेगळी नोंदणी. बाहेरच्या पुरवठादाराकडून मुख्यालयानं घेतलेल्या सामायिक सेवांवरचं क्रेडिट तिच्यातून वेगवेगळ्या राज्यांतल्या शाखांना वाटलं जातं. पूर्वी ही वाट ऐच्छिक होती. १ एप्रिल २०२५ पासून ती सक्तीची झाली.

पण ती आहे एकाच पॅनखालच्या शाखांसाठी. पुण्याचं मुख्यालय आणि बेळगावचा डेपो यांच्यासाठी. वेगळ्या पॅनच्या उपकंपन्यांना आयएसडीतून क्रेडिट वाटता येत नाही. तिथे वर सांगितलं तसं बिलच काढावं लागतं. "तीन कंपन्या, एक ऑफिस, सगळं महाराष्ट्रात, प्रत्येकीचा एकच जीएसटी क्रमांक" अशी रचना असेल तर या नियमानं तुमच्यासाठी काही बदललेलं नाही. ज्यांची एकच कंपनी दोन राज्यांत आहे आणि मुख्यालयात सामायिक सेवांची बिलं येतात, त्यांनी मात्र मुख्यालयाची असलेली नोंदणी पुरेशी न मानता आयएसडीची स्वतंत्र नोंदणी घ्यायला हवी आणि दर महिन्याचं जीएसटीआर-६ हे विवरण पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत भरायला हवं.

आयएसडीत सामायिक क्रेडिट वाटायचं माप कायद्यानं ठरवून दिलंय, आणि ते उलाढाल आहे: मागच्या आर्थिक वर्षात त्या त्या राज्यातली. मग मी वर उलाढालीला पहिलं माप मानू नका म्हटलं ते कसं? आयएसडी कराचं क्रेडिट वाटतं, खर्च नाही. सरकारला सगळ्या देशात सारखं आणि तपासता येईल असं एक माप हवं होतं. कोणती शाखा कमावते हे ठरवायला तुम्ही तुमच्या वहीत वेगळं माप लावू शकता. दोन्ही वाटण्या एकाच तक्त्यात कोंबू नका, एवढंच.

मुख्यालयातल्या माणसांनी शाखांसाठी केलेलं काम आयएसडीत येत नाही, कारण ते बाहेरून विकत घेतलेलं नाही. एकाच पॅनच्या शाखांमध्ये त्यासाठी बिल काढताना पगाराची रक्कम किमतीत धरण्याची सक्ती नाही, असा खुलासा १७ जुलै २०२३ च्या परिपत्रकात आहे. तो उपकंपन्यांना लावू नका.

"शेवटी सगळं एकत्रच होतं ना?"

एकत्रित ताळेबंदात होतं. तिथे गटातली आपापसांतली बिलं एकमेकांसमोर कापली जातात, आणि बाहेरच्याला दिलेले ५,६०,००० तेवढे उरतात. टॅलीत ग्रुप कंपनी करून वह्या एकत्र पाहता येतात, आणि आरसा बरोबर असेल तर ही कापाकापी स्वच्छ होते. मग वाटणी कशीही केली तर कुणाचं काय गेलं?

पहिले, बाहेरचे भागधारक. उपकंपनीत तुमचे ६० टक्के आणि भागीदाराचे ४० टक्के असतील, तर तिच्यावर टाकलेल्या प्रत्येक जादा रुपयातले ४० पैसे तुम्ही त्या भागीदाराच्या खिशातून काढलेत. मोठ्या कंपन्यांतही हाच प्रश्न असतो. जानेवारी २०२३ मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हरनं जाहीर केलं की युनिलिव्हरला द्यायचं स्वामित्वशुल्क आणि केंद्रीय सेवांचं शुल्क उलाढालीच्या २.६५ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्यानं तीन वर्षांत ३.४५ टक्क्यांवर जाईल. बातमीनंतर शेअर खाली आला. युनिलिव्हरचा हिस्सा सुमारे ६२ टक्के आहे, म्हणजे वाढीव शुल्काचा ३८ टक्के भार इतर भागधारकांवर. म्हणूनच संबंधित पक्षांमधल्या व्यवहारांना मंजुरी आणि ताळेबंदात खुलासा, दोन्हींचे नियम कडक आहेत.

दुसरा, आयकर. आपल्याकडे गटाचं एकत्रित आयकर विवरण नसतं. एका कंपनीचा तोटा दुसरीच्या नफ्यातून वजा होत नाही. त्यामुळे नफ्यातल्या कंपनीवर जास्त खर्च टाकण्याचा मोह होतो. दरही वेगवेगळे असू शकतात. १ ऑक्टोबर २०१९ ला किंवा त्यानंतर स्थापन होऊन ३१ मार्च २०२४ पर्यंत उत्पादन सुरू केलेल्या पात्र कंपन्यांना १५ टक्क्यांचा सवलतीचा दर निवडता आला, इतर देशी कंपन्यांना २२ टक्क्यांचा. एकाच गटात दोन्ही असतील, तर सगळा सामायिक खर्च २२ टक्केवालीवर टाकून १५ टक्केवालीला हलकं ठेवावंसं वाटणारच. कायद्यानं हे आधीच ओळखलंय: नव्या कंपनीला जवळच्या संबंधांमुळे नेहमीपेक्षा जास्त नफा झाला, तर तो जादा भाग अधिकारी बाजूला काढू शकतो. आणि ज्या कंपनीनं खर्च दाखवलाय तिला तो स्वतःच्या धंद्यासाठीच झाला हे सिद्ध करावं लागतं. तिथे ते एक पानी जोडपत्रच कामी येतं.

तिसरी बँक. कर्ज गटाला मिळत नाही, कंपनीला मिळतं. बँकेचा माणूस त्या एका कंपनीचा नफा-तोटा पाहतो. आपल्या ट्रेडिंग कंपनीचे ८४,००० रुपये नफा आणि ८०,००० तोटा हे दोन चेहरे आठवा. कोणता घेऊन तुम्ही बँकेत जाणार, हे तुम्ही निवडलेल्या मापानं ठरलेलं असतं.

"वर्षाच्या शेवटी एकच जर्नल टाकू"

वर्षानुवर्षं हेच होत आलंय. मार्चअखेरीला सीए आकडा सांगतात, अकाउंटंट एक जर्नल, म्हणजे वाटणीची एकच नोंद, टाकतो, संपलं. अडचण अशी की तोपर्यंत तिन्ही कंपन्यांचे नफे समोर असतात. नफे पाहून ठरवलेली वाटणी कितीही प्रामाणिक असली तरी सोयीची दिसते. वर्षभरात दिलेल्या सेवांचं जीएसटी बिल मार्चमध्ये काढलं तर उशिराबद्दल व्याजाचा प्रश्न निघतो. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ज्यात नोंदीतला प्रत्येक बदल तारखेसह टिकून राहतो आणि ती सोय बंद करता येत नाही. मागच्या तारखांत जाऊन केलेली वाटणी आता ऑडिटरला दिसते.

त्यापेक्षा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, नवं वर्ष सुरू होण्याआधी, दीड पानाचं धोरण लिहा. प्रत्येक सामायिक खर्चाचं नाव, त्याचं माप, मापाचा आकडा कुठून घ्यायचा (हजेरीपट, जागेचा नकाशा, लॉगिनची यादी), आणि तो कधी बदलायचा. तिन्ही कंपन्यांच्या संचालक मंडळांचे ठराव करून घ्या, मूळ कंपनी आणि उपकंपन्यांमध्ये साधा सेवा करार करा. खर्चावर वरकड नफा लावायचा का, हेही त्यातच लिहा. गटातली एखादी कंपनी परदेशात असेल तर हा प्रश्न टाळता येत नाही. साध्या साहाय्य सेवांवर ५ टक्के हा आंतरराष्ट्रीय व्यवहारात रुळलेला आकडा आहे.

खर्च फार बारीक फोडू नका. महिन्याला ८०० रुपयांचं कुरिअर तिघांत वाटायला ज्याला बसवाल, त्याचा त्या तासाचा पगार कुरिअरहून महाग पडेल. असे किरकोळ खर्च एका डब्यात गोळा करा आणि डब्याला एकच माप लावा. माझ्या अनुभवात लहान गटाला चार-पाच मापं पुरतात, आणि त्यातली तीन या लेखात येऊन गेली: चौरस फूट, डोकी, लॉगिन. ट्रक सामायिक असेल तर चौथं किलोमीटर, आणि ते ड्रायव्हरच्या लॉगबुकात आधीच लिहिलेलं असतं.